काटा चाळीसवरच

आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या निर्मलाबाईंनी माझा दहावीचा फॉर्म स्वतः भरून आणला नसता, तर मी आजही वरूडला संत्री निवडत बसलो असतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो बाईंमुळे.

त्या दिवशी मी अकोल्याला निघालो होतो. एका शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा होती. दीड वाजता नमुना पाठ, विषय 'वेग आणि त्वरण'. याआधी तीन शाळांनी मला परत पाठवलं होतं. त्यात सकाळची एसटी आलीच नाही. शेवटी अमरावतीला संत्री नेणाऱ्या राजूभाऊंच्या पिकअपमध्ये बसलो आणि व्याख्या पुटपुटू लागलो.

"गुरुजी, मांडी कावून (का) हालवून राहिले?" राजूभाऊ म्हणाले. "तुमच्या हालवल्यानं गाडी पयत (पळत) नाई."

मोर्शीच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वळला आणि मी दारावर आदळलो. समोर ठेवलेली दोन संत्री माझ्या टिपणांवर येऊन पडली.

"भाऊ, स्पीड कावून वाढवला?"

"कुठी वाढवला? काटा पाहा, चाळीसवरच हाये. रस्ता वयला (वळला), तुमी सरयच (सरळच) चालले व्हते."

 नववीच्या पेपरात बाईंनी विचारलं होतं: एकाच चालीने वळणाऱ्या गाडीला त्वरण असतं का? मी लिहिलं, 'शून्य.' बाईंनी गुणही शून्य दिले आणि खाली लाल शाईत लिहिलं, 'गाडीत बसून पाहा.' काटा फक्त चाल दाखवतो, वेगात दिशाही असते, हे मला पाठ होतं. दार खांद्याला लागलं तेव्हा कळलं.

अमरावतीच्या स्टँडबाहेर गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) घेतला, अर्धाच खाल्ला आणि अकोल्याची एसटी धरली.

शाळेच्या वर्गात टिपणं काढलीच नाहीत. फळ्यावर वळण आणि त्यावर गाडी काढून विचारलं, "काटा चाळीसवरच. त्वरण किती?"

"शून्य," सगळा वर्ग म्हणाला.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मंग सर, वळणावर आमी दारावर कावून आपटतो?"

वहीत काही लिहीत बसलेल्या हेडसरांनी मान वर केली. पाठ संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "सोमवारी या."

परतीचा रस्ता बराचसा सरळ होता. तरी मी समोरची दांडी घट्ट धरून बसलो होतो.

बाईंना आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून घरी पोचताच पत्र लिहिलं:

'आदरणीय बाई, सा. न. अकोल्याला सोमवारी रुजू होतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाडीत बसून पाहिलं. कळायला उशीर झाला. शून्य नव्हतं, बाई.
तुमचा, प्रकाश'