नऊ ठिपके

वन्सं गेल्या त्या शनिवारी सकाळी मी पेडवे, ते बारीक काटेरी मासे, साफ करत होते. हात खवल्यांनी माखलेले, म्हणून फोन ह्यांनी घेतला. हे फोन ठेवून नुसते स्टुलावर बसून राहिले, तेव्हा मी काय ते समजले. पहिला विचार मनात आला तो असा, की अहो, रविवारचं काय? लाज वाटली नंतर. पण आदल्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी मला दटावलं होतं, "विजू, रविवारी तन्वीला घेऊन ये. मी बोलते तिच्याशी." तन्वी माझी मुलगी. तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ गेला, त्याला तेव्हा दोन आठवडे होत होते. (तिला विचारूनच लिहितेय हे.) त्याआधी एकदा लिफ्ट बंद होती म्हणून ती सात मजले चढली होती, आणि तेच धरून बसली होती... मी चढले म्हणून झालं. जेवण नाही, बोलणं नाही, साधं रडणंसुद्धा नाही. ह्या दुखण्यावर मला एकच औषध माहीत होतं आणि ते म्हणजे वन्सं.

वन्सं म्हणजे डॉ. कुंदा, ह्यांची थोरली बहीण. डिलाईल रोडच्या चाळीत गिरणी कामगाराच्या घरी वाढल्या आणि परळच्या संशोधन संस्थेत जन्मभर उंदरांच्या गर्भावर काम केलं. लग्न केलं नाही. माझं ठरलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "शिकलेली नणंद, बिनलग्नाची, आणि घरातच! तुझं काही खरं नाही गं." मी कंबर कसूनच त्या खोलीत पाऊल टाकलं. भांडणं झालीच, नाही कशाला म्हणू? त्यांच्या कागदांवर कुणी वाटी ठेवली तर अख्ख्या गॅलरीला कळायचं. पण मी एकदा चिडून विचारलं, "अहो, तुम्ही त्या उंदरांचं करता तरी काय?" तर हातातलं टाकून सांगायला बसल्या. म्हणाल्या, "शरीराच्या पेशी-पेशीत माहिती तीच असते. तरी एकीचं काळीज होतं नि एकीचं हाड. का? आपल्या जिन्यातला दिवा कुठे आहे? खाली. आणि त्याचं बटण? पार वरच्या गॅलरीच्या टोकाला. नवा माणूस जिन्यात चाचपडत राहील, त्याला सापडायचं नाही. जनुकांचं तसंच आहे गो. दिवा इथे, बटण कुठच्या कुठे. मी काळजाची बटणं शोधते." मला एवढं कळलं, आणि आजही तेवढंच कळतं.

त्यांचा एक चिमटा होता. परदेशी, टोकं इतकी बारीक की डोळ्यांना दिसेनाशी व्हायची. गर्भावरचं पातळ आवरण त्याने सोलायचं. बारक्या दगडावर घासून त्या टोकं लावायच्या, आणि एखाद्या चिमट्याची टोकं कामातून गेली की तो घरी यायचा, माशांचे काटे काढायला! पेडव्यात काटे किती ते खाणाऱ्यालाच ठाऊक. वन्सं सगळ्यांच्या ताटातले काढून द्यायच्या, आणि मग टोकावर खोडरबराचा तुकडा खोचून चिमटा खणात. पण काही दिवशी स्वतः मासा खात नसत. सासूबाई वैतागायच्या, "सोमवार न्हय, गुरवार न्हय, आज खयचो वार?" "माझो वार, आये." ज्या दिवशी प्रयोगासाठी उंदरीचा जीव घ्यावा लागे, त्या दिवशी त्या वशाट खात नसत. कारण कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते फार वर्षांनी.

लग्नानंतर माझा गर्भ दोनदा गेला. दुसऱ्या वेळी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हंडे उचललंस, मगे काय होतला?" वाईट नव्हत्या त्या. त्यांचीही दोन गेली होती, त्यांनाही कुणीतरी असंच सुनावलं असणार. पण ते वाक्य माझ्या जिवाला लागलं. नळावर हंडा अर्धाच भरायचे. एका रविवारी वन्सं म्हणाल्या, "चपला घाल, चल." करी रोडचा पूल ओलांडून आम्ही दोघी चालत परळला गेलो. प्रयोगशाळेत त्यांनी मला दाराबाहेर बसवलं, बऱ्याच वेळाने आत घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेच्या बशीत कोमट पाण्यासारखं काही होतं आणि त्यात नऊ ठिपके, मोहरीएवढे. भिंगातून बघितलं... अगंबाई! छातीच्या जागी इवलंसं काही लुकलुक हलत होतं. "काळीज," वन्सं म्हणाल्या. "मोज." मी मोजली. आठ धडधडत होती. नववा ठिपका लहान, पांढरट आणि गप्प.

"सगळी सख्खी भावंडं," वन्सं म्हणाल्या. "एका आईच्या पोटात एका ओळीत होती. तेच रक्त, तेच अन्न. आता तू मला सांग, ह्या एकासाठी त्या आईने कुठला हंडा उचलला?"

मी विचारलं, "मग हा का थांबला?"

"माहीत नाही."

वन्संच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. "अकरा वर्षं हेच करतेय विजू, आणि मला माहीत नाही. आयेला बरं गॅलरीत बसून कळलं!" मी हसले आणि हसता हसता जे रडू फुटलं ते पूल उतरेपर्यंत थांबलं नाही. त्या दिवशी घरी पेडवेच होते. वन्संनी माझ्या ताटातले काटे काढून दिले आणि स्वतः डाळभात खाल्ला.

तन्वीच्या वेळी हंडे त्यांनीच भरले. मी म्हटलं, "हंड्याने काही होत नाही ना?" तर म्हणाल्या, "नाहीच होत. पण तू दमतेस." पुढे तन्वी दहावीला गेली तरी आत्येने काटे काढून दिल्याशिवाय मासा खात नव्हती. मी ओरडायचे, लाडावून ठेवलीय नुसती!

तेराव्यानंतर घरात पहिल्यांदा वशाट शिजलं त्या दिवशी तन्वी आली. मी पेडवेच आणले होते. खण उघडला, खोडरबर काढला आणि चिमटा घेऊन बसले. मला कुठलं जमायला? मासा कुस्करून ठेवला. तशीच कुस्करत मी तिला ते सगळं सांगितलं, आजवर कधीच सांगितलं नव्हतं ते. वन्संसारखं मला समजावता येत नाही, बटणं-बिटणं मी सोडूनच दिली. नुसतं मोजून सांगितलं. नऊ होते. आठ धडधडत होते.

तन्वी म्हणाली, "तो एक का थांबला, आई?"

खोटं बोलावंसं वाटलं हो मला, आईच ना मी. पण म्हटलं, "तुझ्या आत्येला माहीत नव्हतं."

"आत्येला?"

"हो. आत्येलासुद्धा."

तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, लहान असताना रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी रडू दिलं. मग डोळे पुसून तिने माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "दे इकडे. तुला नाही जमत." एकेक काटा काढून पेडवा माझ्या ताटात ठेवला, मग स्वतःच्या, आणि जेवली. दोनदा भात घेतला.

जाताना चिमटा धुतला, पुसला, टोकावर खोडरबर खोचला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. मी बघितलं... म्हटलं, नेऊ दे.