फॉन्टचा दोष नव्हता

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय, ठाऊक नाही — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जव्हारच्या बाजारपेठेत माझं इंटरनेटचं दुकान होतं. दोन-तीन कॉम्प्युटर, फोनच्या तारेवर रखडत चालणारं नेट आणि मी! लोक मला 'सर' म्हणायला लागले होते. डोकं फिरायला तेवढं पुरतं. मला एखादी गोष्ट येत नाही, हे चारचौघांत कबूल करायचं? मेलो असतो, पण केलं नसतं.

सोनी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची. तिचा नवरा लहानू ठाण्याला बांधकामावर गेलेला. शिमग्याला सगळी माणसं परत आली, हा नाही आला. मी तिच्यासाठी ठाण्यातल्या दवाखान्यांना मेल पाठवले — नाव, वय, हनुवटीवरचा व्रण. अगदी मनापासून पाठवले. मग दर बाजाराला ती यायची आणि दारातच उभी राहायची. "दादा, काय खबर?"

एक दिवस खबर आली. ती समोरच उभी होती. एका दवाखान्यातून इंग्रजीत दोन ओळी — सोबत जोडलंय ते बघा, लगेच कळवा. जोडलेली फाईल मेलच्या प्रोग्रामने मजकुराची म्हणून दाखवली. उघडली, तर पानभर चौकोन, प्रश्नचिन्हं, वेडीवाकडी अक्षरं. आता त्या काळी मराठी पत्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की असंच दिसायचं, कारण ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. मी लगेच ठरवून टाकलं — पत्र मराठी आहे आणि त्याचा फॉन्ट आपल्याकडे नाही. शहाणा कुठला!

इथवर चूक होती. चूक कुणाचीही होते, नाही का? पण पुढचं —

दुकानात गिऱ्हाइकं होती. सोनीने विचारलं, "काय लिवलाय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला हे वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. शेजारीच एसटीडी बूथ होता, एक फोन करायचा होता. आणि मी काय केलं? पडद्यावरून नजर फिरवली, वाचल्यासारखं केलं आणि सांगितलं, "असा कोणी माणूस त्यांच्याकडे नाही म्हणतात."

"बरा," म्हणाली आणि गेली.

पावसाळा सरत आला तेव्हा एका गिऱ्हाइकाला भाच्याच्या बारशाचा फोटो मेलवर आला. उघडला, तर तसाच कचरा. त्याने फाईल उतरवून घेतली, फाईलच्या नावातलं टिंबापुढचं शेपूट बदलून फोटोचं केलं — आणि पाळण्यातलं बाळ दिसलं. प्रोग्रामने फोटोला मजकूर समजून उघडलं होतं, बस. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि तो जुना मेल काढला.

लहानू होता. खाटेवर, डोक्याला पट्टी, हनुवटीवर तो व्रण. डोळे उघडे. जिवंत होता हो! फोटो काढणाऱ्याकडे बघत होता.

तेव्हा केला फोन. बांधकामावरून पडल्यापासून त्याची वाचा गेली होती, नाव सांगता येत नव्हतं. फोटो पाठवल्यावरही बरेच दिवस जगला. शेवटी गेला, आणि बेवारस म्हणून त्यांनीच क्रियाकर्म उरकलं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या उत्तराची वाट बघितली आम्ही." मी फोन ठेवून दिला.

पुढच्या बाजाराला सोनी आली. माझ्यासाठी पदरात काकड्या आणल्या होत्या. म्हणाली, "दादा, तुमाला समजतं सगळा, खरा सांगा. कुंकू पुसू का ठेवू? पोर इचारते, बाबा कसा दिसं. घरात फोटू पन नाय त्याचा."

फोटो माझ्या पाठीमागच्या कॉम्प्युटरमध्ये होता.

"येईल," मी म्हणालो. "वाट बघा."

ती गेल्यावर मी तो फोटो पुसून टाकला. उद्या कुणाच्या नजरेस पडला तर? — ही माझी काळजी. काकड्या घरी नेल्या. खाल्ल्या आम्ही.

सोनी अजून कुंकू लावते.