आपलं तेवढं काढून नेणारी

"मी विसरत नाही, मी बाजूला ठेवते," असं वहिनी कायम म्हणायची. शेजारणीचं भांडण असो की सासूचा टोमणा, आवाज न चढवता एवढंच बोलायची आणि हातातलं काम पुढे चालू. नवरा हसायचा. "तुझ्या त्या बाजूला ठेवलेल्या ढिगाखाली एक दिवस आम्ही सगळे सापडू," म्हणायचा. तो बिचारा गरीब गाय. ढीग त्याच्या धाकट्या भावाच्या नावाने वाढत होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

लग्नाआधी वहिनी कपड्यांच्या कारखान्यात नाड्या ओवायची. बोटांना डोळे होते तिच्या. दिराने कॉम्प्युटरचं दुकान काढलं, तेव्हा त्या बोटांना नवं काम सापडलं. कॉम्प्युटरच्या पेटीला हल्ली काचेची बाजू असते. आत वीज पुरवणाऱ्या डब्यातून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, पिवळ्या, लाल, काळ्या, नारिंगी वायरींचा गुंता निघतो आणि हौशी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत तो सलतो. मग एकेक वायर सुटी करून तिच्यावर विणलेल्या धाग्याची बारीक नळी चढवायची. तिला स्लीव्ह म्हणतात. कनेक्टरमधली पिन सुईने सोडवायची, स्लीव्ह सुरवंटासारखी ढकलत पुढे न्यायची, टोक जरासं भाजून बसवायचं आणि पिन परत तिच्याच भोकात. भोक चुकलं की मशीनची राख. भंगारातल्या पॉवर सप्लायच्या वायरी उसवून उसवून वहिनी हे आपली आपण शिकली. स्लीव्हची रिळंही तीच आपल्या पैशाने निवडून आणायची.

दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेलं मशीन तिनेच सजवलेलं. एक वायर दुधी, एक शेवाळी, पुन्हा दुधी. वायरी ओळीत धरणाऱ्या बारीक प्लास्टिकच्या कंगव्यात बसवलेल्या, भांग पाडल्यासारख्या सरळ. रस्त्याने जाणारा थबकायचा आणि थबकलेला आत यायचा.

एकदा भरल्या दुकानात कुणीतरी विचारलं, "हे काम कुणाचं हो?"

वहिनी मागच्या टेबलापाशी होती. तिचा हात थांबला. आता माझं नाव घेतील, म्हणून पदराला हात पुसून ती उभीसुद्धा राहिली.

"परदेशातून मागवलंय," दीर म्हणाला.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, "भावोजी, मी परदेशी कधी गेले होते?"

"अहो वहिनी, नाडी ओवणारीचं काम म्हटल्यावर कोण घेईल?" तो हसला. दुकानातली दोन माणसंही हसली. तेवढ्यावर राहिलं असतं, पण तो पुढे बोलला, "आणि स्लीव्ह नसली म्हणून मशीन चालायचं थांबतं का? पटत नसेल तर तुमचं काय असेल ते घेऊन जा."

वहिनी घरी आली. भांडी घासली, मुलांचे अभ्यास घेतले. दिराचं ते वाक्य तिने नीट घडी घालून बाजूला ठेवलं. त्यानंतर ती दुकानाकडे फिरकली नाही.

दुकान मोठं करून नव्याने उघडायचा दिवस आला. दिराने गावभर आमंत्रणं दिली होती. पाहुणे यायच्या आधी वहिनी पिशवी घेऊन दारात हजर.

"आलात? बरं झालं," दीर खूश झाला. वहिनीचा राग निवला, असंच त्याला वाटलं. "दर्शनी मशीनचे कंगवे जरा सरळ करून द्या. लोक त्याचे फोटो काढणार आहेत."

"करते की सरळ," वहिनी म्हणाली.

तिने मशीन बंद केलं, काच उतरवली, वायरी दोन्हीकडून सोडवून टेबलावर ओळीने मांडल्या. मग सुई घेतली. एक पिन सोडवायची, भाजलेलं टोक पात्याने कापायचं, स्लीव्ह ओढून पिशवीत टाकायची, उघडी वायर परत तिच्या जागी. घाई नाही, चूक नाही. प्रत्येक स्लीव्ह निघताना सापाची कात निघावी तसा बारीक आवाज यायचा आणि तो तिला फार गोड लागत होता. मनात एकदा आलंही, की दोन पिनांची अदलाबदल करावी, बटण दाबताच धूर निघेल. पण मग लोक म्हणतील मशीन बिघडलं. तिला बिघाड नको होता. तिला ते मशीन धडधाकट आणि नागडं हवं होतं.

धाकट्या जावेने सगळ्यांत आधी पाहिलं. "जाऊबाई, हे काय करताय?" ती कुजबुजली.

"माझं आहे ते घेतेय."

जाऊ तोंड उघडणार होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि चहाचे कप मांडायला निघून गेली.

दीर दारात हार घालून पाहुण्यांत रमला होता. तो आत वळला तेव्हा वहिनी काच बसवत होती. तिने बटण दाबलं. पंखे फिरले, आतले दिवे झगमगले आणि त्या उजेडात पिवळ्या-लाल वायरी सोललेल्या कोंबडीच्या आतड्यांसारख्या लोंबत होत्या.

"अरे, ते परदेशातलं काम कुठं गेलं?" एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"परदेशी परत चाललं," वहिनी म्हणाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

दिराचा चेहरा उतरला. "वहिनी, अहो आज तरी... चार लोकांत..."

"त्या दिवशीही चार लोकच होते, भावोजी. मशीन चालतंय ना? वायर तुमची, पिन तुमची. एकही नेली नाही, मोजून घ्या."

"घरचं माणूस असं करतं का?"

"घरच्या माणसाला नाव असतं."

कापलेल्या स्लीव्ह पुन्हा कशाच्याच कामाच्या नव्हत्या, आणि या दुकानाचं दारही आता तिच्यासाठी बंद झालं होतं. दोन्ही गोष्टी तिला पक्क्या ठाऊक होत्या. ती रस्ता ओलांडून समोरच्या कचरापेटीपाशी गेली. सगळ्यांना दिसेल अशी पिशवी उलटी करून झटकली. दुधी आणि शेवाळी नळ्या भुरभुर खाली पडल्या. मग रिकामी पिशवी काखोटीला मारून ती चालू लागली, सावकाश, बाजार करून घरी जावं तशी. दीर काचेत आपल्या मशीनला पाठ लावून उभा होता, ते लोकांना दिसू नये म्हणून. धाकटी जाऊ त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती. वहिनी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने हातातला कप खाली ठेवला नाही.