दोन सूत्रं आणि १.४ व्होल्ट

मुलुंड पूर्वेची आमची इमारत तीन मजल्यांची होती. प्रत्येक मजल्यावर चार, अशी एकूण बारा घरं. पुनर्विकासाच्या करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या आणि मे महिन्याच्या अखेरीस इमारत रिकामी करायची होती. त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी खालच्या आवारात सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि भिंतीवर एक फिल्म बघायची, असं सोसायटीच्या बैठकीत ठरलं.

फिल्म माझी बायको करत होती. आर्किटेक्टच्या ऑफिसांसाठी ती न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकावर तयार करते. या वेळी उभी असलेली इमारत तिने मोजपट्टी घेऊन, घराघरांत फिरून, संगणकात उतरवली होती. प्रत्येक घराला तिने एकच प्रश्न विचारला होता: तुमच्या घरात कुठल्या वेळेचं ऊन हवं? तळमजल्यावरच्या मालवणच्या काकींनी दुपारी चारचं मागितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दादांनी सकाळी सातचं, अंघोळीनंतरचं. त्यामुळे त्या फिल्ममध्ये एकाच जिन्याच्या एका बाजूला सकाळ होती आणि दुसऱ्या बाजूला दिवस कलत होता.

काम एका गोष्टीवर अडलं होतं. एक फ्रेम तयार व्हायला सत्तर सेकंद लागत. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये साडेआठ हजारांहून अधिक. म्हणजे मशीन न थांबता सात दिवस चालायला हवं. सोमवारी संध्याकाळी हातात सहा दिवस उरले होते. घरातला हा एकच संगणक. तिचं रोजचं कामही त्याच्यावरच होतं.

ओव्हरक्लॉकिंगची कल्पना माझी. प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, कारखान्यातून ठरावीक वेग लावून येतो. सेटिंग बदलून तो वेग वाढवता येतो, पण वाढलेल्या वेगाला बहुधा जास्त व्होल्टेज लागतं. ते कमी पडलं तर मशीन अडकतं. जास्त झालं तर प्रोसेसर तापतो, आणि बराच काळ जास्त राहिलं तर कायमचा खराब होतो. किती व्होल्टेज सुरक्षित, एवढाच प्रश्न होता.

मी वीस वर्षं बातमीच्या टेबलावर काढली आहेत. तिथला नियम असा की एका सूत्रावर बातमी सोडायची नाही, दुसऱ्याचा दुजोरा हवा. पहिलं सूत्र दादा. साकीनाक्याला त्यांचा संगणक दुरुस्तीचा गाळा आहे. ते जिन्यातच भेटले.

"एक पॉइंट चार ठोक बिनधास्त," ते म्हणाले. "काय होत नाय."

दुसरं सूत्र बोरिवलीचा एक मित्र. आमच्या जुन्या ऑफिसात तो संगणक सांभाळायचा. त्याला फोन केला.

"एक पॉइंट चारपर्यंत डोळे झाकून जा यार. झकास चालेल."

दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. आकडा एकच होता. मी बायकोला म्हणालो, "कन्फर्म आहे."

"तुझ्या पेपरसारखं कन्फर्म की खरंच?" तिने विचारलं, आणि खुर्ची मोकळी करून दिली.

सोमवारी संध्याकाळी सहाला मशीन नव्या वेगाने सुरू झालं. एक फ्रेम अठ्ठावन्न सेकंदांत. ते बघत बसावंसं वाटे. स्क्रीनवर आधी फक्त राखाडी कण दिसत. मग कणांतून खिडकीची चौकट वर येई, मग फरशी, मग फरशीवर पडलेलं ऊन. कुणीही नसलेली खोली. खिडकीचा पडदा किंचित हललेला, वारा मात्र कुठेच नाही. पुढच्या फ्रेममध्ये तोच पडदा केसभर सरकलेला. एका कोऱ्या मिनिटात इमारत स्वतःला आठवत होती आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती. खोलीत पंख्यांचा एकसुरी आवाज होता.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास आकडे बदलले. ऊन चढलं, खोली तापली, प्रोसेसरचं तापमान पंचाण्णव अंशांवर जाऊन थांबलं. एवढ्या उष्णतेत तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. फ्रेमला ऐंशी सेकंद लागू लागले, म्हणजे काहीच न करता लागत होते त्यापेक्षा दहा जास्त. अडीच वाजता चित्र गोठलं. बारानंतरच्या फ्रेम तिने उघडून पाहिल्या. काकींच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पांढरे ठिपके उमटले होते. तिथे चारच्या उन्हाऐवजी कुठल्याच वेळेचा नसलेला उजेड होता.

"वाट लागली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "प्रोसेसर गेला तर फिल्म सोड, सोमवारपासून मी काम कशावर करू?"

तेव्हा मी दोन्ही सूत्रांना तो प्रश्न विचारला, जो टेबलावर कुठल्याही नवख्या वार्ताहराला मी पहिला विचारला असता: तुम्हाला हे कुठून कळलं? दादांनी एक लिंक पाठवली. दहा मिनिटांनी मित्राने पाठवली. दोन्ही लिंका एकाच लेखाच्या होत्या. लेख आमच्या प्रोसेसरच्या दोन पिढ्या आधीच्या चिपबद्दल होता. त्या चिपला १.४ चालत असे. नव्या चिपचे भाग अधिक बारीक असतात, सलग पूर्ण भारावर असताना तिला एवढं व्होल्टेज सोसत नाही. माझं सूत्र एकच होतं, दोन तोंडांचं.

दुपारचं उरलेलं काम उलट्या दिशेने झालं. वेग थोडा खाली आणला. मग व्होल्टेज दर वेळी ०.०२५ने कमी करायचं, दहा मिनिटं पूर्ण भार द्यायचा, तापमान लिहायचं, पुन्हा कमी करायचं. पडदे ओढलेल्या खोलीत बायको आकडे वाचत होती आणि मी लिहीत होतो. १.१७५ला मशीन अडकलं. तिथून दोन पायऱ्या वर, १.२२५. तापमान अठ्ठ्याहत्तर. फ्रेमला बासष्ट सेकंद. भिंतीवर ठिपके नाहीत. प्रोसेसर वाचला होता.

सहा वाजले होते. तिने कागदावर हिशेब मांडला. सोमवारच्या चांगल्या फ्रेम धरून रविवारी संध्याकाळपर्यंत साडेसहाशेच्या आसपास फ्रेम कमी पडत होत्या. साधारण सत्तावीस सेकंद. एका घराची फिल्म तेवढीच होती.

"वेग थोडा वाढवू?" मी विचारलं.

"नको रे. आता काही वाढवू नको."

"मग जिना काढ."

"जिना काढला तर वर कसे जाणार?"

तिने यादी उघडली आणि तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर खूण करून बाजूला ठेवलं. त्यासाठी तिने सहा वाजताचं ऊन निवडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बाहेर तेच होतं.

शेवटची फ्रेम रविवारी साडेपाचला झाली. अंधार पडल्यावर आवारातल्या भिंतीवर फिल्म सुरू झाली. कुणी आपलं कपाट ओळखलं, कुणी फळीवरचा डबा. काकींच्या स्वयंपाकघरात चारचं ऊन आलं तेव्हा त्या उठून भिंतीजवळ गेल्या आणि त्यांची सावली त्यांच्याच ओट्यावर पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "काकी, चहा टाकायला चाललात काय?"

कॅमेरा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आला. आमच्या बंद दारासमोरून तो न थांबता शेजारच्या घरात गेला.

"आणि तुमचा घर खंय गो?" काकींनी वळून विचारलं.

"आमचं बंद होतं, काकी," बायको म्हणाली.

"बंद कसा? तू तर घरातच आसतंस."

"कामात होते."

काकींनी आपली खुर्ची उचलून तिच्याजवळ आणली आणि त्या बसल्या. भिंतीवर तेव्हा शेजाऱ्यांच्या गॅलरीत सकाळ झाली होती.