चार झाडांचं अंतर

अकोल्याच्या कोर्टात साक्षी टाइप करणाऱ्या मॅडमनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगतो. त्यांनी दोन प्रश्न विचारले नसते, तर माझ्या सहीनं एक हमाल तुरुंगात गेला असता.

मी शेंदूरजनाघाटचा. आठवीत शाळा सुटली. काही वर्षं संत्र्याच्या बागांत राबलो, मग अकोल्यात टेम्पो चालवू लागलो. एकदा दिवेलागणीला गोदामापुढं मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. मी टेम्पोपाशी उभा होतो, म्हणून साक्षीदार झालो.

कोर्टात माझी नजर मॅडमच्या बोटांवर होती. मी म्हणायचो, "मारून थो पयत सुटला जी." जजसाहेब सांगायचे, "मारहाण करून सदर इसम पळून गेला." मॅडम तेच टाइप करायच्या. वकिलाचा प्रश्न कागदावर येतच नव्हता. नुसती उत्तरं, जसं काही मीच आपणहून बोलत सुटलोय. मग मी हात करून दाखवतो ते कुठं जात असेल? हाच विचार चालला होता, तेवढ्यात सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्ही किती लांब होता?"

"चार झाडं असन जी."

मागच्या बाकावर हशा पिकला.

"अरे, बगीच्यात आहे का तू? फुटांत सांग. वीस-पंचवीस?"

"हो जी."

"मारणारा हाच ना?"

समोर तो हमाल मान खाली घालून उभा. पोलिसांनी त्यालाच धरलं होतं, म्हणजे तोच असणार. घाबरून पुन्हा म्हणालो, "हो जी."

सहीआधी साक्ष वाचून दाखवतात. मॅडम सावकाश वाचत होत्या. "पंचवीस फुटांवरून मी आरोपीस ओळखले," इथं थांबल्या.

"कशाची झाडं म्हणत होते हो तुमी?"

"संत्र्याची जी. तिकडं आमी तसंच मोजतो."

"दोन झाडांत किती अंतर असते?"

"अठरा फूट."

त्यांनी जजसाहेबांकडं पाहिलं. "सर, हे सत्तरच्या वर जाते."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "खरं सांग. चेहरा दिसला होता?"

"नाही जी. पाठ दिसली. निळा शर्ट होता."

"मग आधी हो काहून म्हणाला?"

"भेव वाटलं जी."

सरकारी वकील चिडले. साहेबांनी मात्र दोन्ही दुरुस्त्या सांगितल्या, मॅडमनी त्या टाइप केल्या, मग मी सही केली.

पुढं तो हमाल सुटला. मारणारा तोच होता की नाही, मला आजही माहीत नाही. माहीत नाही, हेच तर कागदावर यायला हवं होतं.

बाहेर मी मॅडमच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाल्या, "उठा हो, लोकं पाहून राहिले." चहासुद्धा घेतला नाही, कोर्टातल्या माणसाला साक्षीदाराचं काही चालत नाही म्हणे. रिटायर झाल्यावर त्या बाळापूरला राहायला जाणार आहेत, असं शिपायानं सांगितलं. त्या दिवशी त्यांचं सगळं सामान मी माझ्या हातानं उचलून टेम्पोनं पोचवीन. तेव्हा त्यांना नाही म्हणता येणार नाही.