मुसळी समजून खाल्लेली कळलावी

"ही सफेद मुसळी नाही, ताई. कळलावी आहे." माझी नणंद सुमन हिने रानशेतहून पिशवीत आणलेलं मूळ डॉक्टर मॅडमनी कागदावर ठेवलं. "यातलं कोल्चिसीन यांच्या पोटात गेलंय. हे विष शरीरात नव्या पेशी तयार होऊ देत नाही."

कॉटवर माझा नवरा विलास, उलट्या-जुलाबांनी पिळून निघालेला. घोलवडच्या नर्सरीत चिकूची कलमं बांधणारा माणूस! मुसळीने अंगात जोर येतो असं मोबाइलवर पाहिलं आणि सुमनच्या कुंपणाशी स्वतःच मूळ खणून खाल्लं. कळलावीचं लाल-पिवळं फूल त्याने लांबून ओळखलं असतं. पण थंडीत वेल वाळून जाते, मातीत कंद तेवढा उरतो.

मॅडमनी मला समजावलं तेच तुम्हाला सांगते. मुसळीची मुळं बोटांसारखी, झुबक्याने असतात. कळलावीचा कंद दोन टोकांचा, नांगरासारखा वाकलेला. वरून तपकिरी, आत पांढरा. सोलून चिरला की भलेभले फसतात. म्हणून रानातलं मूळ अंदाजाने खाऊ नका. कुणी खाल्लंच, तर लगेच दवाखाना गाठा आणि उरलेला तुकडा सोबत न्या.

या विषावर हमखास उतारा नाही, असं मॅडम म्हणाल्या. सलाइन चालू होतं आणि रोज सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी उतरतच चालल्या होत्या. सुमन नि मी बाहेरच्या बाकावर हात धरून बसायचो.

मग एका सकाळी मॅडम रिपोर्ट हलवतच आल्या. "चढल्या!"

सुमनला रडूच फुटलं. विलासने क्षीण आवाजात विचारलं, "बोंबलाची चटणी चालेल का?"

"आधी पेज," मॅडम हसल्या. "आणि आता केस गळतील. घाबरू नका, परत येतात."

गळले, अगदी भुवयांसकट. पण माणूस घरी आला. त्या मॅडमचे आणि मूळ घेऊन धावत आलेल्या सुमनचे उपकार मी विसरणार नाही.

विलास नर्सरीत पुन्हा जायला लागला, त्या दिवशी डबा द्यायला मी गेले होते. तिथले बाबूकाका त्याच्या डोक्याकडे बघत म्हणाले, "तलासरीच्या बाजारात एक मूळ मिळतं बघ. उगाळून लाव, केस भराभर येतात."

विलासने दोन्ही हात जोडले. "काका, मला टक्कलच आवडायला लागलंय."