पडद्यावर हललेली मान

आयुष्यभर माणसांच्या आतले फोटो काढले... मेंदू, फुप्फुसं, हाडं. त्यांत आत्मा कधी दिसला नाही. त्यामुळे असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. आज स्वतःच लिहितोय.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका खाजगी सेंटरमध्ये मी सीटी स्कॅन टेक्निशियन होतो. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, अक्कलकोटहून बेशुद्ध अवस्थेत आणलं. मेंदूत रक्तस्राव. सोबत तिची मुलगी रेखा; ती आईला अव्वा म्हणायची.

"मामा, अव्वाला ऐकू येतं का वो?"

"माइक हाय की. बोल."

रेखा काचेपलीकडे बघत म्हणाली, "अव्वा, घरी जायाचं का? लई टोचलं गं तुला."

स्कॅन चालू होता. अक्काचं डोकं पट्ट्यांनी बांधलेलं. माझी नजर तिच्यावरच होती — ती जराही हलली नाही. पण पडद्यावर कवटीची कड दुहेरी आली, पेशंट हलला की येते तशी. आमच्याकडे ही हालचाल दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर होतं. डोकं कसं हललं ते आधी रेघेनं दाखवायचं, मग चित्र स्थिर करायचं. मी रेघ पाहिली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे... सावकाश. श्वासामुळे असती तर खाली-वर गेली असती.

'नको' म्हणताना मान हलते, तशी होती ती.

मी दुरुस्तीचं बटण दाबलं. चित्र स्वच्छ आलं. फोटो हलला की बोलणी टेक्निशियनलाच बसतात, तेवढंच डोक्यात होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काही हालचाल केली का त्यांनी?"

"नाही, सर."

त्यांनी रेखाला आशा सोडायला सांगितलं. तिनं अक्काला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी अक्का गेली.

नंतर मी त्याच टेबलावर पाण्याचा डबा ठेवून मशीन तपासलं. कड एकेरी आली. इंजिनिअरलाही दोष सापडला नाही.

पुण्यतिथीला रेखा मला वाढताना दर वेळी म्हणते, "मामा, अव्वाला घरीच यायचं होतं. तुमी होता म्हणून धीर आला बगा." मी खाली बघून जेवत राहतो.

बेशुद्ध, बांधलेलं माणूस मान कसं हलवेल, मला आजही कळलेलं नाही. पण रेखा, तुझी अव्वा हो म्हणाली नव्हती.